तुमचा माणूस

ग्रंथपालबाईंच्या छातीतलं मशीन वाजायला लागलं तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने आधी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला घरात कुठेतरी बारीक पीं-पीं व्हायचं, वीसेक सेकंद चालायचं आणि थांबायचं. तो बिचारा दोनदा आला, फ्रिज भिंतीपासून ओढून मागची धूळ झाडून गेला. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि आवाजही त्यांच्याबरोबर बाहेर आला, तेव्हा कुठे दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला. धाकटीने हे मला तपासणीच्या खोलीत सांगितलं आणि आम्ही तिघंही मनापासून हसलो.

बॅटरी संपत आली की मशीन असं वाजतं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी ती डबी असते आणि तिची तार शिरेतून थेट हृदयात गेलेली असते. हृदय नीट चालतंय तोवर मशीन नुसतं पाहत बसतं. हृदय ठोके द्यायचं सोडून थरथरायला लागलं, रक्त पुढे ढकलणं बंद झालं, की ते दहा-बारा सेकंदांत आतून शॉक देतं. सात-आठ वर्षांनी बॅटरी संपते. नुसती बॅटरी बदलता येत नाही. जुनी डबी काढून त्याच तारेला नवी जोडायची. तासाभराचं ऑपरेशन. मी डॉक्टर नाही, या मशीनचा तंत्रज्ञ आहे. एकोणीस वर्षं हेच करतोय. हॉस्पिटलात मला कुणी नावाने हाक मारत नाही, 'मशीनवाले' म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान होता.

आता माझी एक सवय सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. असं मशीन बसवलेल्या माणसाचं दुसरं कुठलं ऑपरेशन असलं, पित्ताशयाचं म्हणा, गुडघ्याचं म्हणा, की आधी मला बोलावतात. रक्त थांबवायला सर्जन विजेवर चालणारं हत्यार वापरतात आणि त्याच्या खरखरीला हे मशीन हृदयाची थरथर समजतं. भलत्या वेळी शॉक बसू नये म्हणून मी शॉक बंद करतो आणि ऑपरेशन झालं की पुन्हा चालू करतो. ऑपरेशनच्या खोलीबाहेर टेबलावर एक रजिस्टर असतं. त्यात दोन रकाने: 'शॉक बंद केला' आणि 'शॉक पुन्हा चालू केला'. दोन्हींत वेळ आणि सही. मी दोन्ही सह्या आत जातानाच करून टाकायचो. दुसऱ्या रकान्यातली वेळ अंदाजाने. नंतर पुन्हा हातमोजे काढा, पेन शोधा, कोण करत बसणार? इतरांच्या कामात चुका काढताना मी नाकाने कांदे सोलायचो, आणि स्वतः अशा पाट्या टाकत होतो.

त्या सकाळी मी ग्रंथपालबाईंच्या खांद्यावर तपासणीची चकती ठेवली आणि पडद्यावर त्यांचं मशीन वाचायला घेतलं. बॅटरी, संपत आलेली. तार, उत्तम. शॉक, बंद.

मी चष्मा पुसून परत वाचलं. शॉक बंद होता, अकरा महिन्यांपासून. खाली तारीख होती, वेळही होती. त्या तारखेला त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं होतं आणि मशीन मी हाताळलं होतं. ते ऑपरेशन लांबलं. दोन वाजून गेले. मला भूक लागली होती. जेवून येऊन चालू करू असं म्हणून मी गेलो, आणि जेवून आल्यावर दुसऱ्याच कामाला लागलो. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. रजिस्टरात दोन्ही सह्या होत्याच, त्यामुळे मला कुणी विचारलंही नाही. पुढे बाई राहायला बहिणीकडे दुसऱ्या गावी गेल्या आणि सहा महिन्यांची तपासणी राहून गेली.

माझे कान तापले. खरं तर आधी त्यांची काळजी वाटायला हवी होती. मला आधी वाटली ती लाज, आणि लाजेपाठोपाठ, हे कुणाला कळलं तर काय, ही धास्ती.

शॉक बंद असला तरी मशीन पाहत असतं आणि लिहून ठेवतं. मी नोंदी उघडल्या. अकरा महिन्यांत चार. चारही वेळा बाईंचं हृदय थरथरायला लागलं होतं, आणि चारही नोंदींपुढे लिहिलं होतं, 'उपचार दिला नाही'. पहिली थरथर एकवीस सेकंद चालली होती. दुसरी छत्तीस. तिसरी अठ्ठावन्न. चौथी, तीन आठवड्यांपूर्वीची, एक मिनिट चौतीस. अशी थरथर आपोआप थांबलेली मी एकोणीस वर्षांत एक-दोनदा पाहिलीय, तीही चार-सहा सेकंदांची. इथे प्रत्येक वेळी शेवटी एक उंच, सरळ, उभी रेघ होती. शॉक बसल्यावर उमटते तशी. तिच्यानंतर ठोके शहाण्यासारखे ओळीत. तो शॉक मशीनने दिला नव्हता. तसं ते स्वतःच सांगत होतं.

"चार आहेत ना?" धाकटीने मागून विचारलं.

मी दचकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी घरातच होते की, भाऊ. चारही वेळा ताई माझ्यादेखत धाडकन पडली. पण तुमच्या लोकांना मानलं हं मी. तुमचा माणूस येतो म्हणजे येतो."

"कोण माणूस?"

"तो ऑपरेशनवाल्या निळ्या कपड्यांतला. टोपी, मास्क, पायांत ते कागदी बूट. येतो, ताईपाशी गुडघे टेकून बसतो, छातीवर हात ठेवतो. 'झालं, चालू आहे' म्हणतो, की ताई डोळे उघडते. मला वाटलं, मशीन आतून तुम्हाला निरोप पाठवत असेल."

"दार कोण उघडतं त्याला?"

"उघडंच असेल," ती म्हणाली. "खरंच की, तेव्हा कुठे लक्ष असतं. आवाज मात्र तुमच्यासारखा आहे हं त्याचा. तुम्हीच येता की काय?" आणि ती हसली.

त्यांचं गाव हॉस्पिटलापासून गाडीने अडीच तास आहे.

'झालं, चालू आहे' हे माझं वाक्य आहे. शॉक पुन्हा चालू केला की मी भूलतज्ज्ञांना तेवढंच सांगतो आणि निघतो. पान फाडून पुस्तक परत करणाऱ्याकडे पाहावं तशा ग्रंथपालबाई माझ्याकडे पाहत होत्या.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. "काय म्हणतंय मशीन?"

"बॅटरी संपत आलीय," मी म्हणालो. "बाकी ठीक."

हे मी म्हणालो. आजही ते आठवलं की एकटा असतानासुद्धा माझी मान खाली जाते. डॉक्टरांची पाठ वळल्यावर मी बोटाने शॉक चालू केला. नोंदींचा कागद काढला नाही. दुसऱ्याच दिवशी जुनी डबी निघणार होती, आणि तिच्याबरोबर माझी चूकही कचऱ्याच्या डब्यात जाणार होती.

त्या दुपारी मी स्वागतकक्षात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, आपल्याकडून पेशंटच्या घरी कुणी पाठवतात का? तिथल्या बाई म्हणाल्या, "असं काही असतं तर आधी माझ्या सासूबाईंकडे पाठवलं असतं." मग मी माझी कामाची वही काढली आणि चार नोंदींच्या वेळा लावून पाहिल्या. चारही वेळा मी हॉस्पिटलात होतो, चारचौघांसमोर, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर चकती ठेवून. वही मिटली. घरी बायकोने विचारलं, जेवत का नाही, तर पोट बिघडलंय म्हणालो. अशी आणखी घरं असतील का, हा विचार तेव्हा माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणू शकत नाही. आला होता. एक बाहेर काढलं की सगळंच बाहेर येईल, म्हणून मी तो बाजूला सारला.

ऑपरेशन सकाळी दहाला सुरू झालं. अशा वेळी पेशंट जागा असतो, फक्त खांद्याची जागा बधिर करतात. हिरव्या कापडाखाली बाई डोळे मिटून पडल्या होत्या. डॉक्टर, त्यांचे मदतनीस डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्सबाई आणि मी. मी शॉक बंद केला आणि येताना रजिस्टरात, आयुष्यात पहिल्यांदाच, एकच सही करून आलो होतो. बाहेरून लावायच्या शॉकच्या पट्ट्या बाईंच्या पाठीला आणि छातीला आधीच चिकटवलेल्या होत्या. खोलीत थंडी होती आणि जळक्या कातडीचा तो नेहमीचा वास. जुन्या व्रणावरच डॉक्टरांनी चीर दिली, डबी मोकळी केली आणि वर काढली. तार अजून तिलाच होती. डॉक्टरांनी बारीक पेचकसाने तारेचा स्क्रू सैल केला, तार ओढली आणि डबी स्टीलच्या भांड्यात ठेवली. माझा हात चुकून तिला लागला. ती माणसासारखी कोमट होती.

नेमकी तेव्हाच पडद्यावरची रेघ विस्कटली.

"थरथरतंय," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"चार्ज करा," डॉक्टर म्हणाले.

नर्सबाईंनी बटण दाबलं. बाहेरचं मशीन चार्ज व्हायला सात-आठ सेकंद घेतं आणि तेवढा वेळ त्याचा आवाज चढत जातो. तो चढत होता. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो.

आवाज पुरता चढायच्या आत रेघ एकदम उभी उठली, वरच्या कडेपर्यंत. मग खाली आली आणि ठोके सुरू झाले.

"कुणी दिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणीच नाही," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात वर होते. "अजून चार्जच होतंय."

"झालं, चालू आहे," माझ्या डाव्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, आधी जोडू तर द्या," डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले. मी तोंड उघडलेलं नव्हतं. माझ्या मागे भिंत होती, आणि मी आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा.

मी वळलो नाही. बाईंनी मात्र कापडाखाली मान त्या बाजूला वळवली होती.

नवं मशीन जोडलं, टाके घातले. मी शॉक चालू केला. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा नर्सबाईंना वाचायला लावलं. बाहेर येऊन खरी वेळ लिहून दुसरी सही केली. ती माझी सही आहे असं कुठल्याही बँकेने मानलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात तपासणीला गेलो. धाकटी औषधं आणायला खाली गेली होती. बाई उशाला टेकून बसल्या होत्या, खांद्यावर पांढरी पट्टी. मी चकती ठेवली. सगळं ठीक होतं. मी तपासणीचा पडदा मिटला आणि उभाच राहिलो.

"बाई, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"अकरा महिने बंद होतं, तेच ना?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याने. पहिल्याच वेळी. मी शुद्धीवर येत होते, माझ्या कानाशी वाकून म्हणाला, माझ्याकडून चालू करायचं राहिलं, मी जेवायला गेलो होतो, मला माफ करा. दर वेळी तेच म्हणतो."

"तो मी नव्हतो."

"माहीत आहे. तुमच्यापेक्षा फार थकलेला दिसतो तो."

"मग... तुम्ही केलंत माफ?"

"केलं की. चार वेळा केलं. काल पाचव्यांदा. काल पहाटेपासून माझ्या खाटेशीच बसून होता, आत आला तोही माझ्याबरोबर." त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "तुम्हाला मात्र काय माफ करायचं? तुम्ही तर अजून काही बोललाच नाहीत."

मी खाटेची दांडी धरली. जिने ओरडायला हवं होतं ती बाई मला पाण्याचा ग्लास पुढे करत होती. मी तो घेतला नाही.

"आता इथे यायचं कारण नाही म्हणाला," त्या पुढे म्हणाल्या. "इतर घरं आहेत. पायीच जातो वाटतं. वेळेवर पोचणं आताशा जमत नाही म्हणत होता. मी त्याला म्हटलं, अरे, मग सांग ना कुणाला तरी. तर म्हणाला, मी सांगून काय होणार, सांगायचं त्याने आहे."

एकवीस सेकंद. छत्तीस. अठ्ठावन्न. एक मिनिट चौतीस.

मी जिना उतरलो नाही, पळालो. डॉक्टर त्यांच्या खोलीत चहा पीत होते. मी दार लावलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन सह्या, जेवण, शॉक बंद, परवाचं 'बाकी ठीक'. घरी येणाऱ्या माणसाचं तेवढं सांगितलं नाही. सांगताना मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे पाहत होतो आणि काचेत माझाच चेहरा दिसत होता. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अशा किती सह्या असतील?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच."

"परवा का नाही बोललात?"

याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. अब्रू जाईल म्हणून.

"रजिस्टरं आणा," ते म्हणाले.

दोन वर्षांची रजिस्टरं आम्ही जमिनीवर पसरली. मशीन असताना दुसरं कुठलं तरी ऑपरेशन झालेले चौतीस जण निघाले. त्यातले सत्तावीस नंतर कधी ना कधी तपासणीला येऊन गेले होते, त्यांची मशीनं चालू होती, त्यांच्या नावांवर डॉक्टरांनी लाल रेघ मारली. सात उरले. सात घरं. दुपारचा एक वाजला होता. डॉक्टरांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच करा," ते म्हणाले.

पहिल्या घरी फोन एका आजींनीच घेतला. आजच्या आज या म्हटल्यावर त्या कुरकुरल्या, पण निघते म्हणाल्या. दुसरीकडे मुलगा होता, त्याने गाडी काढतो म्हणून सांगितलं. तिसरे गृहस्थ आमच्याच रस्त्यावर दुकानात बसलेले होते, ते पंधरा मिनिटांत आले. मी पाहिलं. त्यांचं मशीन चालू होतं. त्या दिवशी मी आठवणीने चालू केलं असणार. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या खांद्यावर हातच ठेवला, आणि ते माझ्याकडे विचित्र पाहायला लागले.

चौथं नाव एका निवृत्त बसचालकांचं होतं. पाच महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन. ते मला आठवत होते. भूल चढेपर्यंत ते मला घाटातल्या वळणांचे किस्से सांगत होते.

फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईंनी घेतला. सून होती.

"हॉस्पिटलातून बोलतोय," मी म्हणालो. "बाबांना आत्ताच्या आत्ता घेऊन या. गाडी नसेल तर आम्ही पाठवतो. त्यांचं मशीन तपासायचंय."

पलीकडे माणसांची कुजबुज होती, खुर्च्या सरकवल्याचा आवाज होता.

"हॅलो? बाबा कुठे आहेत?"

"तुमचा माणूस येऊन गेला की," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "आत्ताच गेला. सकाळी बाबा अंगणात पडले, त्यानंतर कितीतरी वेळाने आला, धापा टाकत. तेव्हापासून त्यांच्या छातीवर हात ठेवून बसला होता. आम्ही म्हटलं, अहो, आता उठा. उठेचना."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी फोन कानाला तसाच धरून होतो.

"त्याला रागावू नका हं," ती म्हणाली. "उशीर झाला म्हणून फार रडत होता बिचारा. शेवटी आम्हीच त्याला पाणी दिलं."